पोरांना, की घराला?

श्रावणातला दुसरा शनिवार, दुपारचे चार. जागा: चौलच्या शाळेची वरची खोली. हजर: अध्यक्ष मोहिते सर, शांताराम आचारी, ज्यांना फक्त जेवणाच्या विषयापुरतं बोलावलं होतं पण जे शेवटपर्यंत बसून राहिले, नीलम, आणि इतिवृत्त लिहायला मी. गैरहजर: कोणी नाही.

ही शेवटची नोंद करताना माझं पेन जरा अडतं. नीलम एखाद्या तरी बैठकीला येणार नाही, अशी आशा मी बरीच वर्षं बाळगून आहे. ती मुसळधार पावसात आली आहे, तापात आली आहे, नवऱ्याचं अपेंडिक्स काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आली आहे, आणि येताना सगळ्यांसाठी भजी घेऊन आली आहे.

विषय एकच होता. आमच्या किनारा संवर्धन संमेलनाचा मुलांचा आणि कुटुंबांचा विभाग पुढच्या वर्षी कोणी चालवायचा. हा विभाग मी उभा केला. तो माझ्याकडे राहतो की नीलमकडे जातो, ते त्या दुपारी ठरायचं होतं.

आधी काम सांगते, कारण हे काम काय असतं ते फारसं कोणाला ठाऊक नसतं.

दरवर्षी माघात याच शाळेच्या आवारात आमचं संमेलन भरतं. कांदळवनं, कासवं, मासे, समुद्रपक्षी यांचा अभ्यास करणारी माणसं येतात, सरकारी खात्यांतली येतात, मंडपात निबंध वाचले जातात. मी तिथे लागले ती कार्यालयात, पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळायला. माणगावच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान होतं. याद्या करणं आणि वस्तू जागच्या जागी ठेवणं एवढी विद्या मी माहेरहून आणली होती. मुलांचा विभाग तेव्हा नव्हता. काही निबंधवाचक बायकामुलांना घेऊन येत आणि ती मुलं मंडपात पकडापकडी खेळत. एका वर्षी ऐन भाषणात कोणाचा तरी पाय प्रोजेक्टरच्या वायरीत अडकला आणि पडद्यावरचं कासव अंधारात गेलं. मोहिते सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, यांना कुठेतरी बसवा हो." माझा नेमणुकीचा हुकूम तो एवढाच.

मी त्यांना प्रयोगशाळेत बसवलं आणि रंगखडू दिले. दुपारपर्यंत भिंती रंगल्या. भिंती पुसता पुसता माझ्या लक्षात आलं की मुलांना बसवायचं नसतं, चालवायचं असतं. दुसऱ्या वर्षी मी त्यांना ओहोटीला खाडीवर नेलं.

या कामातलं पहिलं शहाणपण मात्र निसर्गाचं नाही. ते आहे संडासाची कडी. हसू नका. आई थांबली तर मूल थांबतं, आणि संडासाला आतून कडी नसेल तर आई थांबत नाही. मग पाठीच्या खुर्च्या. आजोबांना पाठ टेकायला मिळाली की "चला घरी" म्हणून नातवंडांना कोणी ओढत नाही. आणि खाऊ नेहमी शेवटी. आधी दिलात तर लाडू हातात आणि पाय फाटकाकडे. एवढं जमलं की मग कांदळ आणि तिवर ही खाडीतली झाडं.

चिखलात नेण्यासाठी मी एक दोर केला आहे. त्याला हातभर अंतरावर गाठी. एका मुलाची एक गाठ. गाठ सोडायची नाही आणि चपला काठावर ठेवायच्या, कारण खाडीचा चिखल चप्पल गिळतो आणि परत देत नाही. खेकड्याच्या बिळाशी सगळ्यांनी श्वास रोखून थांबायचं. खेकडा बाहेर येतो तेव्हा सगळा दोर एकदम ताणला जातो. तो ताण माझ्या हाताला कळतो. या नोकरीत मला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख ते.

दुसरी माझी वस्तू म्हणजे मासा मोजायची पट्टी. जाड पुठ्ठा, गळ्यात अडकवायला दोरी, त्यावर पापलेट, सुरमई, बांगडा यांच्या बाह्याकृती. माशाने एकदा तरी अंडी घातलेली असावीत, म्हणून तो निदान एवढा लांब हवा, अशी प्रत्येकाची रेघ. मुलांनी घरी न्यायची आणि बाजारातून मासे आले की आईच्या हातून ते पळवून मोजायचे. किती आयांनी मला यासाठी शिव्या दिल्या असतील देव जाणे, पण पट्टी घराघरात गेली.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. पनवेलचे एक वडील तान्ह्या बाळाच्या नावाने प्रमाणपत्र मागत होते. "झोपलेला असला तरी हजर होता ना?" असा त्यांचा मुद्दा, आणि तो मला खोडता आला नाही. रेवदंड्याचे रफीकभाई आखातातली नोकरी संपवून परत आले तेव्हापासून नातवंडांना घेऊन दरवर्षी येतात. नातवाच्या प्रमाणपत्रावर आजोबांचंही नाव हवं, हा त्यांचा हट्ट. "मॅडम, पोरगा तर चिखलात खेळला. त्याच्याकडे लक्ष ठेवायची मेहनत कोणी केली?" मी प्रमाणपत्रावर एक ओळ वाढवली. ती आजही आहे.

विभाग असा वाढत गेला. प्रयोगशाळेतून वर्गांत, वर्गांतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पण येणारी मुलं अलिबागच्या सोसायट्यांतली, पनवेलची, निबंधवाचकांची. ज्यांचं घर किनाऱ्यावर, ज्यांचं पोट किनाऱ्यावर, त्या घरांतून कोणी येत नव्हतं. मी दरवर्षी सुंदर पत्रिका छापून घ्यायचे, वेळापत्रकासकट. कोळीवाड्यात स्वतः वाटायचे. लोक पत्रिका घ्यायचे, चांगली आहे म्हणायचे, आणि देव्हाऱ्यामागे खोचून ठेवायचे.

अशात नीलम आली. पालक म्हणून. मुलीला दोराची गाठ धरायला लावून स्वतः काठावर बसली आणि संध्याकाळपर्यंत तिथल्या प्रत्येक आजोबाला तिच्या माहेरचं नाव माहीत झालं होतं. नीलम विमा उतरवते. तिचं ऑफिस म्हणजे लोकांची स्वयंपाकघरं. पुढच्या वर्षी ती मुलीला घेऊन पुन्हा आली, त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी दहावीत म्हणून आली नाही, पण नीलम आली. कोणी काही विचारलं नाही. सरांनी तिचं नाव पत्रिकेत घातलं.

नीलम शाकाहारी आहे. तिला पापलेट आणि हलवा या माशांतला फरक कळत नाही. कांदळवनातल्या प्रत्येक झाडाला ती चिपी म्हणते. मुलं तिला चुका दाखवतात आणि ती कपाळावर हात मारून घेते, मुलं आणखी खूश. मी इतकी वर्षं काम करते, मला सगळे मॅडम म्हणतात. तिला पहिल्या दिवसापासून ताई. माझी पुण्यातली लेक फोनवर माझी चौकशी करून झाल्यावर विचारते, "आणि नीलममावशी काय म्हणते?" माझी चौकशी आधी होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

तिने येऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, रेवदंड्याच्या वाड्यांतली मुलं विभागात दिसू लागली. मी तिला विचारलं, "पत्रिका कोणत्या दिल्यास?"

"पत्रिका कुठे दिल्या? दारात गेले आणि सांगितलं, पोरांना पाठवा."

आमच्या किनाऱ्यावर आवतण तोंडाने द्यायचं असतं, उंबऱ्यापाशी उभं राहून. छापील कागद म्हणजे नुसती आठवण. आणि आवतणाच्याही पायऱ्या आहेत. घरटी एक माणूस, ही खालची. त्यावर नवराबायको जोडीने. सगळ्यात वर चूलबंद, म्हणजे अख्ख्या घराला. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, आणि पेटली तर तो बोलावणाऱ्याचा अपमान. हे मलाही माहीत होतं. लग्नाला, पूजेला आम्हीही चूलबंद जेवलेलो आहोत. पण संमेलनाला कोणी आवतण देतं का? मला सुचलं नाही, तिला सुचलं. तिलाही सुचलं नव्हतंच म्हणा, ती आपली सवयीने दारात गेली.

त्या वर्षीच्या समारोपानंतर मोहिते सर म्हणाले, "पुढच्या वर्षी कुटुंबं मंडपभर आली, तर त्यापुढे उद्घाटनाची सकाळ आणि मोठा मंडप कुटुंब विभागाला. आणि आणील तोच चालवील." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

म्हणून गेल्या संमेलनाआधी मी स्कूटर काढली आणि कोळीवाड्यात गेले. पहिलंच घर मालतीआजींचं. वाड्यात त्यांचा शब्द चालतो. आजी ओट्यावर जवळा निवडत होत्या.

"काल ती विम्यावाली येऊन गेली," आजी म्हणाल्या. "पोरांना पाठवा म्हनली. तू कोनाला बोलवतंस? पोरांना, का घराला?"

ती इथेही येऊन गेली होती. माझ्या आधी.

"घराला," मी म्हणाले.

"म्हंजे? चूलबंद?"

"चूलबंद."

आजींनी सुपातला हात थांबवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि आत हाक मारली, "ऐकलास ना गो सूनबाय?" मी पुढच्या घरी गेले. तिथेही तेच. एकदा तोंडातून गेल्यावर एका घराला कमी आणि एकाला जास्त कसं देणार? नीलमने पोरं बोलावली होती, मी घरं बोलावली. परतताना स्कूटर हलकी वाटत होती. संमेलनाचं आवतण कोण एवढं मनावर घेतंय, थोडी जास्त माणसं येतील इतकंच, असा माझा हिशेब.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शांताराम धावत माझ्याकडे आला. "मॅडम, बाहेर चला. ही कोनाची वरात?"

फाटकातून अख्खा कोळीवाडा आत येत होता. पुढे मालतीआजी, हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. मागे लेक, सुना, नातवंडं, कडेवरची बाळं. त्यामागे पुढचं घर, त्यामागे त्याच्या पुढचं. पुरुष इस्त्रीच्या शर्टांत. त्या दिवशी होड्या पाण्यात गेल्याच नव्हत्या. आणि प्रत्येक घराच्या हातात काहीतरी होतं. नारळ, सुक्या बोंबलांची जुडी, पानांनी झाकलेली टोपली. चूलबंद जेवायला जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत.

"यजमान कोन?" आजींनी विचारलं.

"मी."

"मंग अशी उभी का? बसव आमाला."

शांताराम माझ्या कानाशी. "माझ्या पातेल्यात निबंधवाल्यांपुरता भात हाय. यांना काय राजगिऱ्याचा लाडू देताव?"

मी पाठीच्या खुर्च्या मांडल्या. मग मला वाटलं, एवढ्या बायका आहेत. "आजी, तुमच्या सुना जरा बटाटे चिरू लागल्या तर पटकन होईल."

आजी खुर्चीत ताठ झाल्या. "आवतनाला आलेल्या बाईनं विळी धरायची? तुमच्या मानगावात असा करतान काय?"

नीलम माझ्या मागे येऊन उभी होती. "चूलबंद बोलावलंत?" तिने हळूच विचारलं. मी मान हलवली. आता ती काहीतरी बोलेल, सरांच्या कानावर घालेल, आणि संपलं, असं मला वाटलं. ती मंडपाच्या खांबाला धरून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मॅडम, तुम्ही म्हणजे ना! माझी तर हिंमतच झाली नसती."

मग ती सरळ मंडपात शिरली. तिथे कोणी गाळाच्या थरांवर निबंध वाचत होते. त्यांच्या हातून तिने माइक घेतला. "सगळ्या अभ्यासकांना विनंती आहे, मागच्या अंगणात बटाटे सोलायला यावं. घरचं कार्य निघालंय."

आणि ते आले. हसत, बाह्या सरसावत आले. मी वर्षानुवर्षं लेखी विनंती करते आहे, आपल्या सवडीतला अर्धा तास मुलांना द्यावा. त्या विनंतीला कधी उत्तरसुद्धा आलेलं नाही. ती एका वाक्यात सगळा मंडप रिकामा करून विळीवर बसवते. कांदा मी चिरत नव्हते, तरी माझे डोळे चुरचुरत होते.

रफीकभाई रेवदंड्याच्या बेकरीत पाव आणायला गेले. जेवण व्हायला वेळ होता आणि ओहोटी लागली होती. मी दोर घेतला. "चला, सगळं घर चला," म्हणाले. मुलांनी गाठी धरल्या, मग सुनांनी, मग पदर खोचून आज्याही आल्या. गाठी कमी पडल्या तशी माणसांनी माणसांचे हात धरले. चिखल यांना नवा नव्हता, पण नातवंडाबरोबर खेकड्याच्या बिळापाशी गप्प उभं राहणं नवं होतं. खेकडा आला. दोर असा ताणला गेला की माझ्या तळव्याला वळ उठला. हे सगळं बघायला अंगणातून कोणी आलं नाही. तिथे बटाटे चालले होते.

परत आलो तर आहेर माझ्या टेबलावर ठेवलेले होते. टेबलामागे मी दरवर्षी लावते तो फलक, लहान पापलेट पकडू नका म्हणून. मालतीआजींच्या नातीने, पूर्वाने, आपल्याच घरच्या टोपलीवरची पानं बाजूला केली. आत पापलेटं. तळहातात मावतील एवढाली. तिने गळ्यातली पट्टी काढली आणि एकेक मासा मोजायला लागली.

"आजी, ह्यो लहान हाय. ह्यो पन. सगलेच लहान हायेत."

आजूबाजूच्या माना टेबलाकडे वळल्या.

"आहेरातला मासा मोजतंस?" आजी कडाडल्या. मग माझ्याकडे वळून, "ह्याच शिकवताव आमच्या पोरांना? घरी बोलावून मापं काढाची?"

खरं तर तो क्षण माझा होता. इतकी वर्षं ज्यासाठी पट्ट्या कापल्या, ते समोर घडत होतं. मी म्हणाले, "आजी, नियम असा आहे की पापलेटची वाढ..." आजी खुर्चीचा हात धरून उठायला लागल्या. त्यांचा लेक उठला. मागे सुना उठल्या. यजमानाच्या दारातून न जेवता घर उठणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

"अगंबाई, आहेर झाकून ठेवतात का?" हळदीने पिवळे झालेले हात तसेच घेऊन नीलम पुढे आली. "मांडून ठेवायचा असतो! कोणी काय दिलं ते चारचौघांत दिसलं पाहिजे." तिने केळीचं पान पसरलं, पापलेटं पूर्वाच्या पट्टीशेजारी ओळीने लावली आणि पूर्वाकडून कागदावर लिहून घेतलं, मालतीआजींचा आहेर. आजी अर्ध्या उठलेल्या, तशाच परत बसल्या.

आहेर बघायला सगळे जमले. बघणं हा मानच असतो. बघता बघता एक म्हातारी म्हणाली, "मालते, तुज्या लेकाचं जालं हाय का चहाची गालनी?"

हशा झाला. आजींचा लेक तापला. "समद्यांचीच जाली तशी! माजाच आहेर दिसला काय?"

"तुजीच आधी आली तशी जाली."

"मी नसती घेतली तर दुसऱ्यांनी घेतलीच होती ना? मला काय शौक हाय पिलावल मारायचा?"

झालं. कोणाचं जाळं किती बारीक, कोणी आधी आणलं, कोणत्या महिन्यात थांबायला हवं, कोण थांबत नाही, सगळं निघालं. सोललेला बटाटा हातात तसाच घेऊन मत्स्यखात्याचे पाहुणे ऐकत उभे राहिले. भांडण चांगलं रंगलं आणि कोणी घरी गेलं नाही. माझ्या फलकासमोर आजवर एक मच्छीमार दोन मिनिटं थांबलेला मी पाहिलेला नाही. इथे सगळे थांबले होते, फलकाकडे पाठ करून.

नीलम माझ्या कानाशी लागली. "मॅडम, हे पापलेटच ना? की हलवा?"

"पापलेट," मी म्हणाले. त्या दिवशीचं माझं योगदान.

पंगती बसल्या. भात, आमटी, बटाट्याची भाजी, पाव, आणि आहेरातल्याच बोंबलांची चटणी. नीलम वाढत होती. कोणाला आमटीचा वरचा कट आवडतो, कोणाला पथ्य आहे, ते तिला दुसऱ्या वाढपात पाठ झालं होतं. मी पानं मोजत होते, पाणी कमी पडू देत नव्हते, पुढच्या पंगतीच्या सतरंज्या झाडून घेत होते. हे केलं नाही तर पंगत बसत नाही. पण जेवणारा वर बघतो तेव्हा त्याला वाढणारा हात दिसतो, सतरंजी दिसत नाही.

निघताना मालतीआजींनी नीलमच्या गालावरून हात फिरवला. "पुढच्या साली पन बोलव गो बाय."

मी शेजारीच उभी होते. आवतण मी दिलं होतं. उंबऱ्याशी उभं राहून, तोंडाने, चूलबंद. आजी माझ्याकडे वळल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचं भाषन पन चांगलं झालं."

मी भाषण केलं नव्हतं.

तर श्रावणातला शनिवार. मोहिते सर म्हणाले, "ठरल्याप्रमाणे उद्घाटनाची सकाळ आणि मोठा मंडप कुटुंबांना. शांताराम, स्वयंपाक आधीपासून धरा. आणि विभाग..." ते नीलमकडे वळले. "नीलमताई, लोक तुम्हाला ओळखतात. प्रमुख म्हणून तुमचं नाव घालावं असं वाटतं. याद्याबिद्या मॅडम बघतीलच."

याद्याबिद्या. मी ते इतिवृत्तात लिहिलं नाही, पण माझ्या कानात ते अजून आहे.

"मी नाही घेणार," नीलम म्हणाली.

शांतारामने चहाचा कप खाली ठेवला.

"विभाग मॅडमचाच. चूलबंद बोलावलं कोणी? त्यांनी. मी काय, भात शिजवायला लावला. आणि दुसरं सांगू का सर? मला या विभागात आजपर्यंत कोणी बोलावलेलंच नाही. मी लेकीला सोडायला आले आणि राहिले. पत्रिकेत नाव छापलंत तुम्ही, ते मला छापून आल्यावर कळलं. दरवर्षी वाटतं, यंदा मॅडम म्हणतील, नीलम ये गं." ती हसत होती, पण हातातल्या रुमालाची घडी घालत होती आणि उलगडत होती. "यंदा मॅडम माझ्या दारात येऊन आवतण देतील तर मी येईन. त्यांच्या हाताखाली येईन. नाहीतर मला विम्याची कामं पुष्कळ आहेत."

"आणि ही नसली तर पंगती उठवनार कोन?" शांताराम म्हणाला. "मी न्हाय. मी आताच सांगून ठेवतो."

सर म्हणाले, "मग सोपं आहे. मॅडमनी ताईंना आवतण द्यायचं, ताई आल्या की विभाग मॅडमकडे. लिहा." मी लिहिलं. जबाबदारी: मी. मुदत: दिवाळीच्या आत, पत्रिका छापायला जाण्याआधी.

गणपती झाले, नवरात्र झालं. मंडपवाल्याला सांगून झालं. संडासाच्या कड्या बदलून घेतल्या. दोर नवा, लांब केला, पुष्कळ गाठींचा. पट्ट्या कापून तयार आहेत. कोळीवाड्यात घरोघर जाऊन आले. या वेळी आधी शांतारामला विचारून, मग चूलबंद. मालतीआजींनी विचारलं, "ती येनार ना?" मी म्हणाले, "येईल."

नीलमच्या घरावरून मी दोनदा गेले. एकदा दारात तिच्या चपला होत्या आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. तिच्या हसण्याला नेहमी दुसऱ्या कोणाचं तरी हसणं जोडलेलं असतं. मी स्कूटर थांबवली नाही. दुसऱ्यांदा थांबवली, पण ती गेटापाशी कोणाशी बोलत होती आणि तिने मला पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल. इतक्या उंबऱ्यांवर मी उभी राहिले, कुठेही जीभ अडली नाही. या एका उंबऱ्यावर काय म्हणायचं ते ठरत नाही. तिला एकटीला बोलावायचं, जोडीने, की घराला? एकटीला बोलावलं तर मी हात आखडला, ते तिच्या लक्षात येईल. घराला बोलावलं तर ते माझ्या लक्षात राहील.

हा लेख ज्या अंकात येईल, तो तिच्याही हाती पडणार आहे. ती अंक घेते, वाचते, आणि वाचून मोठ्याने हसते. त्याआधी जायला हवं.

आज रविवार, ती घरी असणार. स्कूटरमध्ये पेट्रोल आहे. लेख संपला की निघायचं, असं सकाळी ठरवलं होतं. लेख संपला आहे. आता चहा टाकते, आणि मग बघू.